आधी माझी झडती घ्या

दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची कपाटं उघडायची, गाद्या उलटवायच्या, डब्यात हात घालायचा, ह्या कामाचा सरकारनं मला वर्षानुवर्षं पगार दिला आणि आता पेन्शन देतं. त्यामुळे दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा ते काय मागणार याचा अंदाज होताच. म्हणाले, "साळवेबाई, झडती-जप्तीच्या कायद्यावर हल्ली कोर्टाचे बरेच निकाल येतायत. त्यावर लिहा ना." मी म्हटलं, निकालांवर वकिलांनी लिहावं. त्यावर ते म्हणाले, "वकिलांनी लिहिलं तर वाचणार कोण?" हे मात्र पटलं.

तेव्हा आधीच सांगते, मी वकील नाही. नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, लग्न करून दिल्लीत आलेली आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केलेली बाई. केंद्र सरकारच्या एका खात्यात इन्स्पेक्टर होते. कोणत्या खात्यात ते सांगत नाही, कारण खात्याला ते आवडणार नाही. आमच्याकडे चोरटा माल, अमली पदार्थ असली प्रकरणं यायची. बढत्या कधी मिळाल्या आणि बदल्या कुठे झाल्या हा तपशील माझ्या नवऱ्यालाही पाठ नाही, तो तुम्हाला कशाला ऐकवू?

माझ्या नोकरीचं सगळं भाग्य कायद्याच्या एका ओळीत होतं. बाईची झडती बाईनंच घ्यायची. आमच्या ऑफिसात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे कुठेही छापा असला की, "साळवे मॅडम को ले चलो." इतर खातीसुद्धा मला शेजारच्या घरातून विरजण मागून न्यावं तशी मागून न्यायची. छतरपूरच्या फार्महाउसपासून मुनिरकाच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत सगळीकडे मी हिंडले. तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या मागे, पाळण्यातल्या बाळाच्या दुपट्याखाली, जिथे हात घालायला पुरुष अधिकारी लाजतात अशा सगळ्या जागा माझ्या वाट्याच्या. राजौरी गार्डनमधल्या एका आंटीनं तर सगळा वेळ सोफ्यावर बसून सिरियल बघितली. मी टीव्हीसमोरून गेले की म्हणायची, "बेटा, ज़रा साइड में."

बाहेरच्या माणसाला झडती म्हणजे धाडधाड दार वाजवणं वाटतं. प्रत्यक्षात निम्मं काम पंच शोधण्याचं. पंच म्हणजे त्या भागातली दोन तटस्थ माणसं, आम्ही काय करतो ते डोळ्यांनी बघणारी. दिल्लीत पंच मिळवण्यापेक्षा लग्नाला मुलगी मिळवणं सोपं. आमचं ओळखपत्र दिसलं की माणसाला एकदम आजारी नातेवाईक आठवतात. जो तयार होतो तो बहुतेक वेळा रिकामटेकडा किंवा शेजाऱ्याचा दुश्मन निघतो.

आणि एक रिवाज असतो. झडती सुरू करण्यापूर्वी आम्ही समोरच्याला सांगायचं, "आधी आमची झडती घ्या." म्हणजे आम्ही काही खिशात घालून आणलेलं नाही, तुमच्याकडे काही ठेवून देणार नाही, याची त्यानं खात्री करून घ्यावी. समोरचा घाबरलेला असतो. तो नको नको म्हणत हात जोडतो आणि पंचनाम्यात ओळ पडते की झडती देऊ केली, नाकारली. एवढ्या नोकरीत माझी झडती खरोखर घेतली ती एकाच बाईनं. तिचीच गोष्ट सांगणार आहे, कारण संपादकांना हवे असलेले सगळे निकाल त्या एका गोष्टीत येतात.

आमचे वरिष्ठ होते सामंत साहेब. मूळ वेंगुर्ल्याचे. उंच, काटक, शर्टाला कायम कडक इस्त्री. खात्यात त्यांचा दरारा होता तो ओरडण्याचा नव्हे, वाचण्याचा. आम्ही लिहिलेला प्रत्येक कागद ते लाल पेन घेऊन वाचायचे आणि "अनावश्यक", "हे कुणी पाहिलं?", "अंदाज नको" असे शेरे मारायचे. त्यांची एकही केस कागदपत्रातल्या चुकीमुळे सुटलेली नव्हती. नवीन भरती झालेल्यांना त्यांच्या फायली नमुना म्हणून दाखवायचे. ऑफिसात ते माझ्याशीही शुद्ध सरकारी हिंदीत बोलत. संध्याकाळी गेटच्या बाहेर पडलो की मगच, "काय साळवेबाई, मिस्टरांचा खोकला कसा आहे?"

आम्हा दिल्लीतल्या मराठी माणसांचं असंच असतं. हिंदी म्हणजे काम, मराठी म्हणजे घर. भाषा बदलली की आपण कचेरीचं दार ओढून घेतलं असं वाटतं. ही सवय लक्षात ठेवा.

एका दुपारी खबर आली की आनंद विहारच्या बस अड्ड्यावर एक बाई येणार आहे, तिच्याजवळ माल आहे. वर्णन बरोबर होतं. पस्तिशीची, निळी साडी, खांद्याला काळी पर्स. तिला थांबवलं, ओळखपत्रं दाखवली आणि अड्ड्याच्याच एका रिकाम्या खोलीत नेलं. पंच म्हणून तिकीट खिडकीवरचा एक कारकून आणि छोले-कुलच्याची गाडी लावणारा एक सरदारजी मिळाला. सरदारजीचा जीव बाहेरच्या गाडीत अडकलेला होता.

तिचं नाव रेखा. गुडगावला एका म्हाताऱ्या पेशंटची देखभाल करायची. त्याला अंघोळ घालणं, भरवणं, औषधं देणं. एजन्सीमार्फत लागलेली.

अमली पदार्थांच्या कायद्यात एक तरतूद आहे. कुणाच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर त्याला आधी सांगावं लागतं, "तुमची इच्छा असेल तर ही झडती मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित, म्हणजे गॅझेटेड अधिकाऱ्यासमोर घेण्याचा तुम्हाला हक्क आहे." तो हो म्हणाला तर तसं न्यावं लागतं. ह्या कायद्यात शिक्षा फार कडक. पुडीचं वजन ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की दहा वर्षांच्या आत न्यायाधीशालाही सोडता येत नाही. म्हणून आधी हा एक अडसर घातला आहे. सामंत साहेबांनी छापील नोटीस हिंदीत वाचून दाखवली, सावकाश, दोनदा. रेखाची नजर नोटिशीवर नव्हती, दारावर होती.

मग माझी पाळी. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "पहले आप मेरी तलाशी ले सकती हैं." आणि नेहमीच्या नकाराची वाट पाहत उभी राहिले.

तिनं माझी पर्स ओढून घेतली.

सरदारजी "ओ जी!" म्हणाला. रेखानं पर्स टेबलावर उलटी केली. कंगवा, मेट्रोचं कार्ड, डोकेदुखीच्या गोळ्या, प्रभूची प्रार्थना छापलेलं छोटं कार्ड, दोन सेफ्टी पिना, सुपरबाजारची चुरगळलेली पावती. तिनं पर्सचं अस्तर चाचपलं. माझ्या बाह्या, कमरेचा पट्टा, चपलांचे तळवेसुद्धा पाहिले. इतकं व्यवस्थित काम की मला वाटलं, हिला आमच्या खात्यात घ्यायला हवं. साहेबांनी तिला अडवलं नाही. रिवाजच होता तो, आणि ती तो पाळत होती. नंतर कळलं की ज्या घरात ती कामाला होती, तिथे रोज संध्याकाळी निघताना दारात तिची पर्स अशीच उलटी करायचे. रोज आपली पर्स दुसऱ्याच्या हातात बघणाऱ्या बाईला पहिल्यांदा दुसऱ्याची पर्स हातात मिळाली होती.

शेवटी तिच्या हाताला माझा स्टीलचा छोटा डबा लागला. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"जवसाची हाय का जी?"

मी म्हटलं, "हो, जवसाचीच चटणी. तुम्ही कुठल्या?"

"अमरावतीची." आणि तिचे डोळे भरून आले. डबा तिनं नीट झाकण लावून मला परत दिला.

तिथे खोलीतली हवा बदलली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती साहेबांकडे वळून म्हणाली, "साहेब, मॅजिस्टरकडे न्याल तर किती वेळ लागन? माह्या पेशंटले जेवू घालाचं हाय. मी नसली तर तो कोणाच्याच हातानं खात नाही."

सामंत साहेबांनी चष्मा काढला. इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण कामावर असताना त्यांच्या तोंडून मराठी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. म्हणाले, "बाई, तिकडे न्यायचं म्हणजे संध्याकाळ होईल. कशाला ताटकळत बसता? मी स्वतः गॅझेटेड अधिकारी आहे. झडती ह्या बाईच घेतील, आत, दार लावून. मी आहे ना. घाबरू नका."

तिनं मान हलवली आणि नोटिशीवर सही केली. मला त्या क्षणी साहेबांचा फार अभिमान वाटला. असा अधिकारी किती जणांना भेटतो, असं मनात आलं.

आत गेलो. परकराला आतून पिनांनी टाचलेली एक कापडी पिशवी निघाली. तिच्यात काय होतं ते प्रयोगशाळेनं नंतर सांगितलं. ज्याच्या भीतीनं आईबाप मुलांच्या खोल्या तपासतात तेच होतं, आणि मर्यादेच्या वर होतं. रेखा म्हणाली, पेशंटच्या भाच्यानं दिली, महागडं औषध आहे, पर्समधून चोरीला जाईल, अंगावर ठेव आणि अड्ड्यावर एकाला दे म्हणाला. तो भाचा नंतर कुणाला सापडला नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. माणूस कळायला झडती घेऊन भागत नाही.

पंचनामा नेहमीसारखा झाला. हक्क समजावून सांगितला, आरोपीनं मॅजिस्ट्रेटकडे जाण्यास नकार दिला, सही. साहेबांचं मराठीतलं बोलणं त्यात आलं नाही. ते लपवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. लाल पेनवाला माणूस तो. पण ते बोलणं त्यांच्या लेखी कामकाजाचं नव्हतंच. ते घरचं होतं.

रेखा तुरुंगात गेली. तिची मुलगी अमरावतीला मावशीकडे राहिली. मी दुसऱ्या कपाटांकडे वळले.

आता निकालांविषयी. ह्या हक्काबद्दल वरची कोर्टं पूर्वीपासून बजावत आली आहेत आणि अलीकडच्या निकालांत तर पुन्हा पुन्हा. सोप्या भाषेत त्यांचं म्हणणं असं. हा हक्क आहे हे स्पष्ट सांगा. "तुमची काही हरकत आहे का" असं विचारणं म्हणजे सांगणं नव्हे. कायद्यानं दोन दारं दिली आहेत, मॅजिस्ट्रेट किंवा तटस्थ गॅझेटेड अधिकारी. आपल्या पदरचं तिसरं दार दाखवू नका. आणि छापा घालणाऱ्या पथकाचाच अधिकारी, मग तो कितीही मोठा असो, तटस्थ धरता येत नाही. शिवाय इतरही बरंच आलं आहे. अटकेची कारणं लेखी द्या. कुणाच्या फोनमध्ये शिरताना त्याचं खासगी आयुष्य तिथे आहे हे विसरू नका. खटला वर्षानुवर्षं चालणार असेल तर माणसाला आत कुजत ठेवू नका. नव्या कायद्यानं तर झडतीचं चित्रीकरणच सक्तीचं केलं. आमच्या वेळी कॅमेरा नव्हता. असता तरी काय, त्यालाही कुणीतरी मराठी समजावून सांगावं लागलं असतं.

असे निकाल आले की ऑफिसात आम्ही कपाळाला हात लावायचो. "लो जी, टेक्निकल ग्राउंड पे छूट गया!" माल हातात सापडला, माणूस सापडला, आणि कोर्ट म्हणतं तुम्ही वाक्य नीट म्हटलं नाही. मीही हेच म्हणायची, आणि जोरात म्हणायची.

खटला लांबला म्हणून रेखाला वरच्या कोर्टातून जामीन मिळाला. साक्षीपुरावा सुरू होईपर्यंत साहेब निवृत्त झाले होते, पाठोपाठ मीही. आमच्या कामात निवृत्ती पूर्ण कधी होतच नाही. पेन्शनच्या मागोमाग समन्स येत राहतात. रेखाच्या खटल्याचं समन्स आम्हा दोघांनाही आलं. दोन पंचांपैकी कारकुनाचा पत्ता लागत नव्हता आणि सरदारजीनं साक्षीत सांगून टाकलं होतं की, "जी, वो आपस में अपनी भाषा में कुछ बोले थे, मुझे क्या पता." त्या "कुछ" वर रेखाच्या वकिलांनी बोट ठेवलं. सरकारनं मोफत दिलेल्या वकील होत्या त्या, आडनाव भाटिया, मुलीच्या वयाची पोर. रेखानं तिला सगळं सांगितलेलं होतं. पण आरोपीच्या शब्दाला पुरावा कोण मानणार? त्या खोलीत मराठी कळणारी तीनच माणसं होती. एक आरोपी, दुसरे साहेब, तिसरी मी.

संक्रांतीच्या सुमारास मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते. तिथे फुलं वाहायची, भाषण ऐकायचं, तिळगूळ घेऊन परत. बसची जबाबदारी कायम सामंत साहेबांकडे. त्या वर्षी परतीच्या वाटेवर मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले.

"सर, त्या आनंद विहारच्या केसमध्ये..."

"साळवेबाई," त्यांनी मला तिथेच थांबवलं. "साक्षीदारांनी साक्षीबद्दल आपसात बोलायचं नसतं. तिळगूळ घ्या."

झालं. मुरथळ गेलं, सिंघू गेलं, साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मला रात्री झोप लागेना. खरं सांगितलं तर ज्या माणसानं मला हे काम शिकवलं, त्याची आयुष्यातली पहिली केस त्याच्याच चांगुलपणामुळे कोसळणार आणि निकालपत्रात त्याच्या नावावर ताशेरे येणार. नाही सांगितलं तर रेखा दहा वर्षांसाठी आत. माझा नवरा म्हणाला, "तू सरळ 'आठवत नाही' म्हण ना. सगळे म्हणतात." सगळे म्हणतात हे खरंच होतं. आमच्या लोकांच्या स्मरणशक्तीनं कित्येक खटल्यांत वेळेवर दगा दिलेला मी पाहिला आहे.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकील भेटले. दमलेला, सभ्य माणूस. म्हणाले, "मैडम, जितना पंचनामे में लिखा है उतना ही बोलिएगा। बाकी इतने साल बाद याद थोड़े ही रहता है किसी को."

आधी साहेबांना आत बोलावलं. एक साक्षीदार बोलत असताना पुढच्यानं बाहेर थांबायचं असतं, म्हणून मी बाकावर बसून राहिले. रेखा आरोपी म्हणून आतच होती, जाताना दारात दिसली. केस बरेच पांढरे झालेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. मला वाटलं काहीतरी खूण करतील, निदान मान हलवतील. ते माझ्याकडे न बघता सरळ जिना उतरून गेले. साहेबांनी पंचनाम्यातलंच सांगितलं असणार, आणि आता मी आत जाऊन त्यांना खोटं पाडणार, असं माझ्या मनानं घेतलं. तेवढ्यात पुकारा झाला.

सरकारी वकिलांचे प्रश्न पटापट संपले. भाटिया उठल्या.

"मैडम, तलाशी से पहले मुलज़िमा ने आपके अफ़सर से मराठी में कुछ पूछा था?"

"जी."

"क्या पूछा था?"

सरकारी वकिलांनी घसा खाकरला. न्यायाधीशांनी लेखणी उचलली. "आठवत नाही" हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते, अगदी गरम. पण मला ती माझी पालथी पडलेली पर्स दिसायला लागली. त्या बाईनं माझी झडती घेतली होती आणि माझ्याकडे लपवलेलं काही सापडलं नव्हतं. ते आता सापडावं असं मला वाटेना.

"पूछा था कि मैजिस्ट्रेट के पास ले जाएँगे तो कितना समय लगेगा," मी म्हटलं.

"और अफ़सर ने क्या कहा?"

मी सांगितलं. आधी मराठीत, शब्दाला शब्द, मग हिंदीत. "मी आहे ना" चं हिंदी करताना मी अडखळले. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं.

साहेब खाली चहाच्या टपरीवर बसले होते. समोर चहा, त्याच्यावर साय धरलेली. मी जाऊन उभी राहिले.

"सर, मी सांगून टाकलं."

"काय?"

"तुम्ही तिला म्हणालात ते. मॅजिस्ट्रेटकडे कशाला, मी आहे ना, ते सगळं. सर, मला माफ करा, पण..."

त्यांनी बाक पुसून मला बसायला जागा केली.

"वाचवलंत," ते म्हणाले. "मी आत हेच सांगून आलोय. तुम्ही 'आठवत नाही' म्हणाला असतात तर त्यांनी धरलं असतं की म्हातारा आरोपीला सामील झाला."

"मग मघाशी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत!"

"बघितलं असतं तर खूण केल्यासारखं झालं नसतं का?" आणि टपरीवाल्याला म्हणाले, "भैया, एक चाय और."

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

निकाल लागला तेव्हा साहेबांना बरं नव्हतं, मी एकटी गेले. रेखा निर्दोष सुटली. ज्या अधिकाऱ्यानं छापा घातला त्यानंच स्वतःला पर्याय म्हणून पुढे केलं आणि आरोपीला मॅजिस्ट्रेटकडे जाण्यापासून परावृत्त केलं, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. परावृत्त हा शब्द मला फार लागला. त्या बाईला ताटकळावं लागू नये म्हणून बोललेल्या शब्दांना परावृत्त म्हणायचं? पिशवीत होतं ते तर खरंच होतं. ते ज्याच्या हाती जाणार होतं त्याच्या आईचा विचारही मनात येऊन गेला. सुटकेचा आनंद निर्भेळ झाला असं मी म्हणणार नाही.

बाहेर रेखा माझ्यापाशी आली. बरोबर तिची मुलगी होती, आईपेक्षा उंच. रेखा माझ्याशी हिंदीत बोलत होती. मी म्हटलं, "अहो, मराठीत बोला की."

ती म्हणाली, "मॅडम, आत होती तवा मी मराठी बोलनंच सोडलं होतं. मले वाटे, साहेबानं आपल्या भाषेत गोड बोलून मले फसवलं. हिंदीत बोलला असता तर मी मॅजिस्टरकडेच जातो म्हटली असती. आपला मानूस हाय म्हनून सही केली. रोज शिव्या द्यायची मी त्याले. त्यानं कोर्टात खरं सांगितलं, तवा समजलं की तो खरंच चांगल्या मनानं बोलला होता." मग घाईनं म्हणाली, "पन त्याले नका सांगू हे. वाईट वाटन."

इतकी वर्षं मी त्या खोलीतला तो क्षण मायेचा म्हणून जपला होता. खुर्चीत बसलेल्या बाईला तो सापळा वाटला होता, आणि वाटला यात तिची काहीच चूक नव्हती. ज्याच्या हातात बेडी आहे त्याच्या तोंडचं गोड बोलणं खरं की खोटं, हे ज्याला बेडी पडणार त्यानं कशावरून ओळखायचं? टेक्निकल ग्राउंड म्हणून ज्याला आम्ही हिणवायचो ते नियम ह्यासाठी असतात. अधिकारी वाईट असेल म्हणूनच नव्हे, तो सामंत साहेबांइतका चांगला असला तरीही. हे मला एकाही प्रशिक्षणात कळलं नव्हतं, ते अमरावतीच्या त्या बाईनं कोर्टाच्या पायऱ्यांवर शिकवलं.

साहेबांना मी हे सांगितलं नाही. रेखानं नको म्हटलं होतं आणि माझीही हिंमत झाली नाही. हा लेख लिहायला घेतल्यावर रेखाला फोन केला. ती आता पुन्हा पेशंट सांभाळते, अमरावतीतच. म्हणाली, "लिहा. आता एवढं काय." पण साहेबांविषयी त्यांना न विचारता छापणं बरं दिसेना, म्हणून लिहून झाल्यावर कागद त्यांच्या घरी पाठवले. पाठवताना रेखाचं ते बोलणं काढून टाकावं असं खूपदा मनात आलं.

कागद परत आले ते लाल शाईनं भरलेले. माझी सवय गेली होती. त्यांची स्तुती होती तिथे तिथे काट मारून "अनावश्यक" लिहिलं होतं, त्यातली थोडी मी हट्टानं परत घातली आहे. एका जागी "हे कुणी पाहिलं?" होतं. ताशेऱ्यांच्या वाक्यापुढे नुसती बरोबरची खूण. रेखाच्या बोलण्याच्या परिच्छेदाला मात्र पेन लागलेलं नव्हतं.

मी फोन केला. "सर, तो रेखाचा भाग... तुम्हाला त्रास होणार असेल तर काढते मी."

त्यांनी विचारलं, "ती बोलली तसंच लिहिलंयत ना? आपल्या पदरचं काही नाही?"

"नाही सर. शब्दाला शब्द."

"मग काढू नका," साहेब म्हणाले. "त्या दिवशी माझं बोलणं पंचनाम्यात आलं नाही. निदान तिचं तरी येऊ दे."